निकालाची वाट बघताना एवढं सांभाळ

अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज गेले ना सगळे, मग मोठं काम झालंय तुझं. आता दिवसभर पोर्टल (कॉलेजच्या साइटवरचं तुझ्या अर्जाचं पान) रिफ्रेश करत बसू नकोस. तिकडे रेग्युलर डिसिजनचे, म्हणजे नेहमीच्या मुदतीत भरलेल्या अर्जांचे, बहुतेक निकाल मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला येतात आणि मिळालेली ॲडमिशन घेतोय असं कळवायची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे, त्यामुळे घाई करायची गरज नाही.

सुरुवातीला इतकंच बघ:

- पोर्टलमधली चेकलिस्ट. "ट्रान्सक्रिप्ट (शाळेकडून जाणारं गुणपत्रक) मिळालं नाही" असं दिसत असेल तर आज मेल कर, नंतर नाही. स्पॅम फोल्डर पण बघत जा.
- अभ्यास सोडू नकोस. खूप जण इथेच चुकतात, शेवटच्या वर्षाचे मार्क कॉलेजकडे जातात आणि फारच घसरले तर दिलेली ॲडमिशन काढून घेऊ शकतात.
- वेटलिस्ट आली, म्हणजे जागा उरली तर बघू अशा यादीत नाव आलं, तर यादीत राहायचंय हे बहुतेक ठिकाणी स्वतःहून कळवावं लागतं, गप्प बसलास तर संपलं. आणि त्या भरवशावर राहू नकोस, जिथे मिळालंय तिथलं डिपॉझिट मुदतीत भर.

पैशांचं मात्र घरच्यांबरोबर बसून नीट बघ. एड लेटरमधला (कॉलेज किती आर्थिक मदत देतंय ते सांगणारं पत्र) एकूण आकडा बघून हुरळून जाऊ नका, त्यात ग्रँट किती, लोन किती आणि कॅम्पसवर काम करून कमवायचे किती हे वेगळं लिहून काढा, कारण लोन फेडायचं असतं.

नकार आला तर दोन दिवस वाईट वाटू दे, चालतं. पण ग्रुपवर कोणाला कुठे मिळालं ते वाचत बसू नकोस, खरंच. व्हिसाचं, आय-ट्वेंटीचं (व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) आत्ता डोक्यात घेऊ नकोस, कॉलेज ठरलं की विचार, सांगतो.