इंग्रजीच्या निरनिराळ्या बोलींतील स्वर नेमके कसे मोजतात? घरबसल्या करता येते का?

प्रश्नाखालच्या तपशिलात आपण लिहिले आहे की उत्तर इंग्लंडमधील लोक काही स्वर ‘चुकीचे’ उच्चारतात आणि ते आपल्याला मोजून दाखवायचे आहे. ‘चुकीचे’ हा शब्द वाचला नसता, तर मी या प्रश्नाकडे फिरकलेही नसते. स्वर तोंडात साधारण कोठे निर्माण होतो, तो स्थिर राहतो की सरकतो, एवढेच मोजणीतून कळते. तो कोठे असायला हवा होता, हे कोणतेही यंत्र सांगत नाही.

मोजण्याआधी स्पेलिंग विसरावे लागते. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ मध्ये इंग्रजी शब्दांचे स्वरांनुसार २४ गट मांडले आणि प्रत्येक गटाला त्यातल्याच एका शब्दाचे नाव दिले: ट्रॅप, बाथ, फुट, स्ट्रट, फेस, गोट वगैरे. बोलीबोलींतला फरक म्हणजे मुख्यतः यांतील कोणते गट कोठे एकत्र नांदतात हा प्रश्न आहे. उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशरच्या पारंपरिक बोलीत फुट आणि स्ट्रट यांचा स्वर एकच असतो आणि बाथ हा शब्द ट्रॅपच्या पंगतीला बसतो. लंडनमध्ये या दोन्ही जोड्या फुटलेल्या आहेत. हे बरेचसे कानांनीच कळते. यंत्राची खरी गरज त्यानंतर लागते, आणि माझी फजिती तेथेच झाली.

शिक्षणासाठी मी यॉर्कशरमधील बार्न्सली येथे एका घराच्या वरच्या खोलीत राहत होते. घरमालक सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम केलेले गृहस्थ होते; येथे त्यांना आजोबा म्हणते. पहिल्याच संध्याकाळी ते ‘रोड’ आणि ‘कोट’ हे शब्द बोलले आणि मी चहाचा कप हातात तसाच धरून ऐकत राहिले, कारण तो ‘ओ’ माझ्या ओळखीचा होता. सरळ, लांब, शेवटी ओठ न मिटणारा. याच ‘ओ’वरून माझ्या थोरल्या मावसभावाने, म्हणजे दादाने, घरच्या एका लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर मला ‘होम’ हा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला होता. दादा पुण्यात इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवतो. त्याच्या मते खरा उच्चार ‘होउम’ असा घसरता असतो आणि माझा ‘ओ’ हा मराठी माध्यमाचा शिक्का आहे.

मी आजोबांच्या स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करून त्यांच्याकडून शब्दांची यादी तीनदा वाचून घेतली. ‘होम’ मुद्दाम टाळला, कारण शेजारच्या अनुनासिकामुळे स्वराचे आकडे बिघडतात. ‘गोल’ही टाळला, कारण शेवटचा ‘ल’ स्वराला आपल्याकडे ओढतो. ‘गोट’, ‘कोट’, ‘बोट’ असे शब्द ठेवले. पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ॲम्स्टरडॅम येथे तयार केलेल्या ‘प्रात’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण उघडले, तर ‘गोट’चा दुसरा फॉर्मंट २४०० हर्ट्झच्या घरात दिसू लागला. (फॉर्मंट म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणारी वारंवारता; दुसऱ्या फॉर्मंटवरून जीभ पुढे आहे की मागे हे साधारण कळते.) याचा अर्थ आजोबांची जीभ ‘ओ’ म्हणताना थेट ‘ई’च्या जागी जात होती! मला वाटले, आपण काही विलक्षण शोधून काढले आहे. दोन दिवस मी तसे सांगत हिंडले. मार्गदर्शक बाईंनी एकच प्रश्न विचारला, “स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी पाहिलात का?” स्पेक्ट्रोग्राम म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारता जोरात आहेत हे दाखवणारे आवाजाचे चित्र. मी तो पाहिला नव्हता. ‘ओ’सारख्या मागच्या स्वरात पहिले दोन फॉर्मंट एकमेकांना खेटून असतात; सॉफ्टवेअर फॉर्मंट जेथवर शोधते ती कमाल मर्यादा मूळच्या ५५०० हर्ट्झवर ठेवली आणि आवाज पुरुषाचा असला, तर ते या दोघांना एकच समजते आणि तिसऱ्याला दुसरा म्हणून मोजते. मर्यादा ५००० केल्यावर दुसरा फॉर्मंट ८०० च्या आसपास आला. आता स्वराच्या कालावधीच्या २० टक्क्यांवर आणि ८० टक्क्यांवर घेतलेले आकडे ताडून पाहिले, तर त्यांना जोडणारी रेषा जवळजवळ आडवी होती, म्हणजे स्वर घसरत नव्हता. मग तीच यादी मी स्वतः वाचली. माझीही रेषा आडवीच आली.

दोन्ही रेषा एका आलेखावर काढून दादाला पाठवल्या. उत्तर आले, “खाणीतली माणसं तशीच बोलणार.”

हे अडाणीपणाचे उत्तर आहे. लांब सरळ ‘ओ’ जुना आहे. दक्षिणेकडील प्रतिष्ठित बोलीत तो १८०० च्या सुमारास घसरू लागला, उत्तरेने पुष्कळ ठिकाणी जुनाच राखला. घसरणारा उच्चारही एका जागी थांबलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांच्या काळात तो ‘ओ’पासून सुरू होत असे, पुढे तोंडाच्या मध्यभागातून सुरू होऊ लागला. फार काय, जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये खुद्द राणी एलिझाबेथ यांच्या नाताळच्या भाषणांतील स्वर मोजून दाखवले, आणि १९५० च्या दशकातील राणी व १९८० च्या दशकातील राणी यांचे स्वर वेगळे निघाले. मग दादा वर्गात यांपैकी कोणता स्वर शिकवतो?

आपल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर थोडक्यात देते. घरबसल्या हे काम होते. शांत खोलीत ध्वनिमुद्रण करावे. मोबाइलवरचे व्हॉइस मेसेज दाबून लहान केलेले असतात, ते घेऊ नयेत. कमाल मर्यादा पुरुषांसाठी ५०००, स्त्रियांसाठी ५५०० अशी धरून सुरुवात करावी आणि प्रत्येक आकडा स्पेक्ट्रोग्रामवर पडताळावा. दोन माणसांचे हर्ट्झमधील आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये ७६ पुरुष, स्त्रिया आणि मुले यांचे स्वर मोजले, तेव्हाच एका माणसाच्या एका स्वराचे आकडे दुसऱ्या माणसाच्या वेगळ्याच स्वराच्या आकड्यांवर जाऊन पडत होते. म्हणून लोबानोव्ह यांच्या १९७१ च्या पद्धतीसारखे काहीतरी वापरून आकडे आधी एका पातळीवर आणावे लागतात. मी दादाला पाठवलेल्या आलेखात हे केले नव्हते, त्यामुळे त्यातून फक्त रेषा आडव्या आहेत एवढेच सिद्ध होते, माझा ‘ओ’ आणि आजोबांचा ‘ओ’ एकच आहेत हे नव्हे. शिवाय एक म्हातारा माणूस म्हणजे सारे यॉर्कशर नव्हे. तिथल्याच हल नावाच्या शहरात हाच ‘ओ’ तोंडाच्या मध्यभागी सरकलेला ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट. यादीत ‘फेस’ गटातले शब्दही होते. त्यात आजोबांचा ‘ए’ सरळ होता. माझा मात्र माइकसमोर शेवटी ‘इ’कडे वळला होता. तो आलेख मी दादाला पाठवला नाही.