पाठीवर ऊन, समोर सर

चिरंजीव पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चारही फोटो पाहिले. विजेचा चांगलाच जमलाय. पण इंद्रधनुष्याच्या दोन्ही फोटोंत कमानीचे पाय गायब आहेत आणि खाली तू लिहिलंयस, "काका, डोळ्यांना तर अख्खी दिसत होती." दिसत असणारच. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश आत सोडणारा तो फिरता फिल्टर, होता ना? त्याच्याकडे येतोच.

त्याआधी मूळ गोष्ट. वळवाच्या मागे गाडी घेऊन निघालेला माणूस दिवसभर ढगच बघत बसतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं आणि डिझेल जाळलं. धनुष्य हवं असेल तर पश्चिमेकडे बघायची सवय लाव. संध्याकाळी मावळतीला आभाळ उघडं राहणार असेल तरच पूर्वेच्या पावसाला अर्थ. सगळंच भरून आलं असेल तर ढग कितीही देखणा असो, धनुष्यापुरता दिवस गेला. मी निघण्याआधी उपग्रहाच्या चित्रात ढगापेक्षा ती पश्चिमेची फट शोधतो.

सूर्य क्षितिजापासून 42 अंशांच्या वर असेल तर सपाट माळावरून धनुष्य दिसतच नाही. पुण्याच्या आसपास मे महिन्यात तो दुपारी चारच्या सुमारास त्याखाली उतरतो, ऑक्टोबरच्या मध्यावर तीनच्या सुमारास. तेव्हा दीड वाजता गारा पडल्या म्हणून जेवणावरून उठू नकोस. सूर्य जितका खाली, तितकी कमान उंच. मावळतीला टेकला की अर्धवर्तुळ पुरं होतं. त्या वेळी निळा-हिरवा वाटेतच विखुरला जातो आणि कधीकधी नुसती तांबडी कमान उरते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर असला तर तो ती लाली "सुधारून" टाकतो. डेलाइटवर ठेव आणि विसरून जा.

आता एक गंमत. अमेरिकेत कान्सास-ओक्लाहोमाकडे वादळं बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. संध्याकाळचं वादळ डोक्यावरून जातं, मागून ऊन येतं आणि लोक वळून निवांत फोटो काढतात. तू बघतेस ते व्हिडिओ तिकडचे. आपल्याकडे परतीच्या पावसात ढग बरेचदा पूर्वेकडून येतात. म्हणजे धनुष्य आधी दिसतं आणि तीच सर तुझ्या अंगावर चालून येते. पाऊस ओसरल्यावर कॅमेरा काढू म्हणशील तर तोवर कमान गेलेली असते. हाताशी दहा मिनिटं मिळाली तर पुष्कळ.

ही दहा मिनिटं जागा शोधण्यात घालवायची नसतील तर आपली सावली वाचायला शीक. तुझ्या डोक्याची सावली जिथे पडते, ती कमानीच्या केंद्राची दिशा. सूर्य मे महिन्यात पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो, म्हणून कमान पूर्वेच्या किंचित दक्षिणेला सरकलेली असते. ऑक्टोबरात याच्या उलट. जेजुरीचा गड कमानीखाली हवा असेल तर मे महिन्यात गडाच्या पश्चिमेला, थोडं वायव्येकडे सरकून, दोन-तीन किलोमीटरवर उभं राहायचं. सर कधी येईल ते खंडोबाच्या हाती, पण जागा घरबसल्या नकाशावर काढून ठेवता येते. आणि कमान तुझ्याबरोबर चालते, हे ध्यानात ठेव. तिचा पाय बाभळीवर हवा असेल तर तू बांधावरून पन्नास पावलं सरक, तो बाभळीवर येऊन बसेल.

पसाऱ्याचं म्हणशील तर पूर्ण कमान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 84 अंश. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 24 मिमीची लेन्स आडवी धरलीस तरी 74 अंशच मावतात. 20 मध्ये कशीबशी बसते, 16 मध्ये आरामात. तुझ्या क्रॉप बॉडीला, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला, 10 घे. काहीच नसेल तर मोबाइलचा 0.5 काय वाईट आहे? बाहेरचं दुसरं, उलट्या रंगांचं धनुष्य आणि दोहोंमधला काळसर पट्टाही हवा असेल तर आणखी रुंद जावं लागतं.

आता तो पोलरायझर. धनुष्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि ध्रुवणाची दिशा कमानीच्या वळणाला धरून जाते: माथ्यावर आडवी, पायांशी उभी. फिल्टर फिरवून तू माथा झळझळीत केलास आणि त्याच फिरवण्यात पाय पुसून टाकलेस. माझी एक अख्खी संध्याकाळ अशीच गेली आहे. घरी येऊन पडद्यावर बघेपर्यंत कळलं नव्हतं. अख्खी कमान असेल तेव्हा फिल्टर काढून खिशात टाक. टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) नुसता एक पाय घेणार असशील तेव्हा मात्र तो लाव, हळूहळू फिरव आणि रंग कसे उसळतात ते बघ. एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरा गडद, फोकस लांबच्या टेकडीवर हाताने. बाकीचं तुला येतं.

विजेचं मात्र ऐकावंच लागेल. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला तर ट्रायपॉड तिथेच सोडून गाडीत बस, काचा वर. माळावर सगळ्यांत उंच वस्तू तूच असतेस. झाडाखाली तर मुळीच नाही. मोबाइलवर आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेव. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत काढायचा; त्यात धनुष्य विरून जाईल, जाऊ दे. फार तर काचेआडून काढ.

आणि कुणाच्या रानात शिरताना विचारून शिर. आपण ज्या सरीची वाट बघतो, तिने कुणाचा तरी कांदा भिजत असतो. सासवडच्या पुढे एकदा एक म्हातारा आणि त्याची सून आरणीवर, म्हणजे कांद्याच्या ढिगावर, ताडपत्री ओढत होते, वारा ती सोडवत होता. मी एक कोपरा धरला, दगड ठेवले. मागे दोन्ही धनुष्यं पडली होती म्हणे. सून नंतर हसत सांगत होती. माझी पाठ होती तिकडे.

रविवारी ये. त्या दोन्ही फोटोंच्या मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्याने काहीही न बदललेल्या) घेऊन ये, जेपेग नकोत. माथ्याशी दुसऱ्या धनुष्याची पुसटशी रेघ आहे असं मला वाटतंय.

तुझा,
काका