वाचकांचे प्रश्न : रेडी-मिक्सच्या गाड्या, ऊन आणि माप

प्रश्न : तयार काँक्रीट (रेडी-मिक्स) बनवून गाड्यांनी पोचवणारा आमचा बॅचिंग प्लांट जळगावजवळ आहे. एका वेळी अर्ध्या घनमीटरची बॅच निघते, गाड्या सहा घनमीटरच्या, एकूण सात. भुसावळच्या साइटवर कधी तीन गाड्या रांगेत उभ्या असतात, तर कधी पंप तासभर रिकामा असतो. अजून दोन गाड्या घ्याव्यात का?
– प्लांट मॅनेजर, जळगाव

उत्तर : आधी गाडीची एक फेरी मोजा, गाड्या घेण्याचा विचार नंतर. तुमच्या अंतराचा साधारण हिशोब असा बसेल : भरायला १५ मिनिटं, जायला ४५, साइटवर स्लंप (माल किती पातळ आहे त्याची चाचणी) आणि चलनाला (गाडीसोबतच्या पावतीला) ५, खाली व्हायला ३०, धुवायला १० आणि परतायला ४०. म्हणजे १४५ मिनिटांची फेरी. साइट दर ३० मिनिटांना एक गाडी खाली करत असेल तर १४५ भागिले ३०, म्हणजे पाच गाड्या पुरतात. सहावी आणि सातवी गाडी त्याच साइटला लावली तर ती फक्त रांगेत उभी राहणार आणि आतला माल, म्हणजे काँक्रीट, आवळत जाणार. तिथे नववी गाडी घेऊनही काम एका मिनिटाने लवकर आटपणार नाही.

वेग वाढवायचा असेल तर खाली होण्याचा वेळ कमी करा. बूम पंप (लांब हाताचा काँक्रीट पंप) सहसा अडत नाही, अडते ती माल पसरवणारी गँग आणि माल दाबून बसवणारा एकुलता एक व्हायब्रेटर. माणसं आणि दुसरा व्हायब्रेटर देऊन ३० मिनिटांची २० झाली तर फेरी १३५ मिनिटांची होते आणि तेव्हा खरोखर सात गाड्या लागतात. पण मग प्लांटने तासाला १८ घनमीटर दिले पाहिजेत. बारा बॅचेसना १५ मिनिटं धरली तर तुमचा प्लांट तासाला फार तर २४ घनमीटर देईल. त्याच वेळी नशिराबादला दुसरा स्लॅब घेतलात तर दोन्हीकडे ओढाताण ठरलेली.

पंप तासभर रिकामा राहण्याचं मूळ बहुतेक वेळा सकाळीच असतं. ग्राहक सातचा आग्रह धरतो, प्लांट तीन गाड्या लागोपाठ भरून सोडतो आणि तिकडे पंपाची पाइपलाइन अजून जोडायची असते. तिन्ही गाड्या एकत्र अडकतात, एकापाठोपाठ खाली होतात आणि एकापाठोपाठच परततात. ही गुंतलेली रांग दिवसभर सुटत नाही. म्हणून लाइन जोडून झाली, सेंटरिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) तपासलं, असा निरोप आणि फोटो आल्याशिवाय पहिली गाडी भरूच नका. त्यानंतर साइटच्या वेगानेच, दर ३० मिनिटांनी एक गाडी सोडा. प्लांट मोकळा दिसला म्हणून गाडी लवकर भरण्याचा मोह टाळा.

चलनावर सहा वेळा लिहून घ्या : भरणं सुरू, प्लांटबाहेर, साइटवर हजर, खाली करणं सुरू, खाली करणं संपलं, प्लांटवर परत. पंधरा दिवसांत वेळ कुठे जातो ते कागदावर दिसेल. जीपीएस गाडी कुठे उभी आहे ते सांगतो, पण ड्रम खाली होतोय की ड्रायव्हर वाट पाहतोय हे त्याला कळत नाही. ग्राहकाकडून थांबण्याचे पैसे मागायचे असतील तर त्याच्या माणसाची सही याच वेळांपुढे हवी.

प्रश्न : मे महिन्यात धुळ्याहून शिरपूरला माल पोचेपर्यंत घट्ट होतो. ड्रायव्हर पाणी मारतात आणि मग क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) नापास होतात. काय करावं?
– क्वालिटी इंजिनिअर, धुळे

उत्तर : ड्रायव्हरला दटावून हे थांबणार नाही, कारण घट्ट माल पंप ओढत नाही आणि शिव्या त्यालाच बसतात. सहा घनमीटरच्या ड्रममध्ये दोन बादल्या, म्हणजे ३० लिटर पाणी गेलं की स्लंप सुमारे २५ मिलिमीटर वाढतो आणि ताकद साधारण दीड मेगापास्कलने उतरते. चार बादल्यांत एम २५ चा (२५ मेगापास्कल ताकदीच्या काँक्रीटचा) क्यूब धोक्यात येतो.

उपाय प्लांटवरच करायचा. आयएस ७८६१ या भारतीय मानकानुसार माल जागेवर पडताना ४० अंशांच्या वर जाता कामा नये. तो एक अंशाने उतरवायला पाणी सुमारे ४ अंशांनी गार करावं लागतं, खडी-वाळू पावणेदोन अंशांनी, तर सिमेंट तब्बल ९ अंशांनी. म्हणून सायलोतल्या (सिमेंटच्या उंच टाकीतल्या) गरम सिमेंटची चिंता शेवटी करा. आधी उन्हात तापणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या सावलीत घ्या आणि खडीच्या ढिगांवर शेड टाका. एवढ्याने भागलं नाही तर बर्फ वापरा. एका घनमीटरला ८ किलो बर्फ घातला की माल एक अंशाने उतरतो. पाच अंश हवे असतील तर एका गाडीला २४० किलो. बर्फ बारीक फोडलेला हवा आणि तेवढं पाणी मिक्समधून वजा झालंच पाहिजे.

खडीवर पाणी मारत असाल तर ओलावा रोज दोनदा मोजा. क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) ५०० ग्रॅम नमुना कढईत, गॅसवर, रंग बदलून भुरभुरीत होईपर्यंत हलवत राहा. कोरडं वजन ४८० भरलं तर ओलावा ४.२ टक्के. त्यातून वाळू स्वतःत शोषून ठेवते तेवढं पाणी वजा करा, उरेल ते मोकळं पाणी. घनमीटरला ८०० किलो वाळू असेल तर एका टक्क्याची चूक म्हणजे गाडीमागे ४८ लिटर. ड्रायव्हरच्या तीन बादल्यांपेक्षा जास्त पाणी असं प्लांटवरच निसटतं!

अॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन) सेट लांबवणारं, म्हणजे माल उशिरा घट्ट करणारं घ्या आणि त्याचा पाव हिस्सा साइटसाठी राखून ठेवा. तो तुमच्याच माणसाने टाकायचा, ड्रम पूर्ण वेगाने किमान पाच मिनिटं, सहा घनमीटरला सहा मिनिटं, फिरवायचा आणि चलनावर नोंद करायची. आयएस ४९२६ भरल्यापासून दोन तासांत माल खाली करायला सांगतं. असं सेट लांबवणारं रसायन (रिटार्डर) असेल तर जास्त मुभा आहे, पण ती आधी दुपारच्या उन्हात दर अर्ध्या तासाला स्लंप घेऊन सिद्ध करा. जमेल तिथे स्लॅब रात्रीच घ्या.

प्रश्न : माझ्या स्लॅबचा हिशोब २४ घनमीटरचा होता. चार गाड्या संपल्या तरी जवळपास दीड घनमीटर कमी पडला. कंपनीने माप मारलं का?
– घरमालक, पाचोरा

उत्तर : मारलंही असेल, पण आधी हे पाहा. १२५ मिलिमीटरच्या पाइपची ४० मीटर लाइन असेल तर अर्धा घनमीटर माल लाइनमध्येच राहतो, थोडा हॉपरमध्ये, म्हणजे पंपाच्या माल ओतायच्या टोपात. सेंटरिंग सरासरी ५ मिलिमीटर दबलं, तर १४० चौरस मीटरच्या स्लॅबला ०.७ घनमीटर जादा लागतो. दीडच्या आसपास आकडा इथेच जमतो.

पुढच्या वेळी गाडी वजनकाट्यावर घ्या, भरलेली आणि रिकामी, त्याच दिवशी, पाण्याची टाकी दोन्ही वेळा भरलेली ठेवून. मात्र फरकाला २४०० ने भागू नका. आपली खडी काळ्या पाषाणाची, जड आहे, त्यामुळे घनमीटर २५०० किलोच्या आसपास भरतो. १४,४०० किलो माल २४०० ने भागला की बरोबर सहा दिसतो, पण २५०० ने पावणेसहाच निघतो. नेमका आकडा प्लांटच्या बॅच रिपोर्टवरची (प्रत्येक बॅचच्या नोंदीवरची) सगळी वजनं बेरीज करून काढा. शेवटच्या गाडीची मागणी दोन तृतीयांश स्लॅब झाल्यावर, उरलेली जागा टेपने मोजूनच द्या.

प्रश्न : ड्रममध्ये माल चिकटून जाड थर झालाय. कसा काढावा?
– गाडीमालक, अमळनेर

उत्तर : धुतलेल्या रिकाम्या गाडीचं वजन दर महिन्याला करा. ५०० किलो वाढलं म्हणजे ०.२ घनमीटर जागा गेली आणि पात्यांवर थर बसल्याने मालही नीट मिसळत नाही. रोज शेवटच्या फेरीनंतर थोडी २० मिलिमीटर खडी आणि ३००-४०० लिटर पाणी घालून ड्रम फिरवला तर थर बसतच नाही. बसलेला थर ब्रेकरने फोडावा लागतो. त्यासाठी माणूस आत जाण्याआधी ड्रमला लॉक लावा, इंजिनची चावी आत जाणाऱ्याच्याच खिशात द्या, तोंडाशी पंखा लावा आणि एक माणूस बाहेर सतत उभा ठेवा. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका, कारण त्यानंतर पत्रा तापतो.