त्रेसवरचे सा-ग-प: वाचकांचे प्रश्न

क्यूबन त्रेस हे गिटारसारखं तंतुवाद्य. ते शिकणाऱ्यांच्या पत्रांत फिरून फिरून मेजर अर्पेजिओचाच, म्हणजे सा-ग-प एकामागून एक वाजवण्याचाच, घोळ दिसतो. म्हणून यावेळी सगळी उत्तरं एकदमच.

प्रश्न: त्रेसला तारा तीन की सहा?
सहा. दोन-दोनच्या तीन जोड्या.

प्रश्न: मला दाखवलेल्या त्रेसला नऊ तारा आहेत. दुकानदार म्हणतो, 'जुन्या घडणीचं क्यूबन आहे.'
नऊ तारांचं त्रेस पोर्तो रिकोचं. वाद्य चांगलं असेलही, 'क्यूबन' ही मात्र दुकानदाराची शुद्ध थाप आहे. पैसे देण्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न: घरच्या गिटारचं त्रेस करता येईल?
येईल, पुष्कळांनी केलंय. पण नायलॉन तारांच्या गिटारवर पोलादी तारा चढवू नका, ताणाने घोडी उखडते. 'काही होत नाही' म्हणणारा मित्र दुरुस्तीचं बिल भरणार नाही. आधी कारागिराला विचारा.

प्रश्न: तारा जी-सी-ई लावू की ए-डी-एफ शार्प?
तुमचे शिक्षक लावतात तशा. बोटांचे आकार तेच राहतात.

प्रश्न: सी मेजर नेमका कुठे वाजवायचा? प्रत्येक व्हिडिओ वेगळं सांगतो.
सगळेच बरोबर असू शकतात. मोकळ्या जोड्या जी-सी-ई, म्हणजे सी हा सा धरला तर प-सा-ग. वाद्य मुळातच मेजरमध्ये लावलेलं. त्याच क्रमाने पडदे मोजा: ०-०-० वर प-सा-ग, ५-४-३ वर सा-ग-प, ९-७-८ वर ग-प-सा, आणि १२ वर पुन्हा पहिला आकार. एफ मेजर जवळ हवा तर २-०-१, जी मेजर ४-२-३. जीच्या जोडीत एक तार जाड आणि दुसरी सप्तकभर वर, त्यामुळे चढता अर्पेजिओ कानाला सरळ चढत नाही. तो बिघाड नव्हे. त्रेसचा आवाजच तसा.

प्रश्न: सगळे आकार पाठ आहेत, वेगही आलाय, तरी सोन (त्रेसवर वाजणारं क्यूबाचं संगीत) वाजवल्यासारखं वाटत नाही. वेग आणखी वाढवू का?
अजिबात नको! 'एका आठवड्यात बारा मेजर' विकणाऱ्यांनी हे करून ठेवलंय. सोनमध्ये अर्पेजिओ नुसता चढत-उतरत नाही, त्याचा ग्वाहेओ होतो: तेच स्वर, पण तुटक, बरेचसे मात्रेच्या अलीकडे-पलीकडे, आणि सगळे क्लावेला, म्हणजे पाच ठोक्यांच्या ठरलेल्या टाळीला, बांधलेले. ३-२ क्लावे अशी: चार मात्रांच्या पहिल्या भागात १, २ नंतरचा अर्धा आणि ४; दुसऱ्या भागात २ आणि ३. आधी ही टाळी हातात बसवा, ती तोंडाने म्हणत एकच आकार वाजवा, मगच दुसरा. सोनमधला बासही पहिल्या मात्रेची वाट न पाहता आधीच येऊन गेलेला असतो. तिथे तुम्ही दर वेळी सा आपटलात की गाणं लंगडतं. आर्सेनिओ रॉड्रिगेस (१९११–१९७०) यांनी १९४० च्या दशकात त्रेसशेजारी पियानो, काँगा (उंच ढोल) आणि एकाहून अधिक ट्रंपेट आणले. त्या गजरात त्यांचं त्रेस कुठे बसतं ते ऐका, वेगाचा प्रश्न पडणार नाही. गाणं २-३ असेल तर दोन्ही भागांची अदलाबदल होते, आणि स्वतःची चूक इथे स्वतःला ऐकू येत नाही. सोन वाजवणाऱ्या कुणाला तरी महिन्यातून एकदा समोर बसून ऐकवा.

प्रश्न: पिक की बोटं?
पिक.

प्रश्न: ५-४-३ धरताना तीन महिने मनगट दुखतंय, आता बोटांना मुंग्याही येतात. कोणता व्यायाम करू?
कोणताही नाही. त्रेस खाली ठेवा आणि आजच डॉक्टरची वेळ घ्या. मला पत्र लिहिण्यात तीन महिने कशाला घालवलेत?