सागवानाची पहिली खुर्ची
आपण पहिली खुर्ची सागवानात करणार आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र लाकूड पुरते सुकल्याशिवाय करवत हाती घेऊ नका, कारण सुकताना ते लांबीत फारसे नाही, पण रुंदीत आकसते आणि ओल्या लाकडाचे कुसू, म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या भोकात बसवायचे तासलेले टोक, पुढे त्या भोकात सैल पडते. माणूस मागे रेलतो तेव्हा मागच्या पायांच्या सांध्यांवर मोठा ताण येतो, म्हणून तेथे खिळा न मारता, कुसू पटाशीने थोडे थोडे तासून घट्ट बसवावे आणि त्यातून बांबूची खुंटी ठोकावी. माझ्या मते घाई येथेच सर्वाधिक महागात पडते. बैठक वेताची ठेवा. ती झिजली तरी सांगाडा न उकलता पुन्हा विणता येते, आणि जुन्या घरांतील खुर्च्या नातवंडांपर्यंत पोचतात त्या यामुळेही.