ढोल वाजवा, कान सांभाळा

प्रश्न : वय ५४. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलं पुण्याला गेल्यापासून घर खायला उठतं. गल्लीत गणपतीआधी ढोल-ताशाचा सराव असतो, बायकाही असतात. जाऊ का? खरंच फायदा होतो, की नुसता गोंगाट?
– एक भगिनी, खानापूर

उत्तर : जरूर जा. फायदा होतो, पण तो एकत्र वाजवण्याचा, मोठ्यानं वाजवण्याचा नव्हे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संशोधकांनी मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा ९० मिनिटं, असं १० आठवडे गटानं वाजवायला बसवलं. त्यांचं नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. गट लहान होता. तेव्हा गोळी बंद करायचा विचारही नको.

डॉक्टरांना ‘ढोल वाजवू का’ एवढंच विचारू नका. ढोल वजन करून घ्या आणि ‘एवढे किलो कमरेला बांधून तासभर उभी राहू का’ असं विचारा. पहिला महिना दहा मिनिटं वादन, दहा मिनिटं बसणं. वाजवताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे.

खानापूरच्या पावसात चामड्याचं पान ओल धरून सैल पडतं. टिपरू उसळत नाही, म्हणून माणूस जोर लावतो आणि मनगट धरतं. आधी दोऱ्या ताणून घ्या. टिपरू मुठीत आवळू नका. अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची बोटं सैल. ढोल शेगडीजवळ वाळवू नका, पान तडकतं.

खरा धोका कानांना. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं, आणि ताशाशेजारी आवाज त्याच्याही वर जातो. कापसानं काही होत नाही. फोमचे इअरप्लग घ्या : बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. घरी आल्यावर कानात शिटी वाजत राहिली, तर पुढचा सराव चुकवा. पुन्हा तसंच झालं तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. त्यांना ढोल झेपणार नाही. दुसरं काही?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भजनी मंडळात टाळ. खुर्चीत बसून, कोपर अंगालगत ठेवून वाजवू द्या. टाळ छातीच्या खालीच धरावेत, कारण त्यांचा टणत्कार कानाजवळ फार तीक्ष्ण लागतो.