पेशी-प्रयोगशाळेचा आराखडा करताना

सर, आधी पूररेषा बघा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. उणे ८० अंशांचे फ्रीझर, यूपीएस, जनरेटर तळमजल्यावर नकोतच. पेशी गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनची खोली हवेशीर ठेवा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की अलार्म वाजायला हवा. गळलेला नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो, गळतीला वास नसतो, माणूस थेट कोसळतो. पावसाळ्यात बुरशीचा त्रास असतोच, म्हणून इन्क्युबेटरच्या (पेशी वाढवायच्या उबदार कपाटाच्या) ट्रेमधलं निर्जंतुक पाणी नियमित बदला. बाहेरून आलेल्या पेशींना स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र इन्क्युबेटर. मायकोप्लाझ्मा (पेशींना गुपचूप लागणारे सूक्ष्म जिवाणू) चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत त्यांना मुख्य प्रयोगशाळेत प्रवेश नाही. (लॉबीतल्या ग्रॅनाइटचे पैसे इथे घाला.) मानवी मूलपेशी (स्टेम सेल) वापरणार असाल तर त्यासाठी लागणारी मंजुरी आधी घ्या, यंत्रांची ऑर्डर नंतर.